मधला राखाडी

नाही, मी नाही सांगत. पाणी प्या, बसा, पाय पसरा, घरची खुशाली सांगा, सगळं करा, पण ते भिंतीचं विचारू नका… विचारलंच ना? मला ठाऊक होतं! फाटक उघडून माणूस आत आला की त्याची मान तिकडेच वळते. सगळी अंगणाची भिंत पिवळी आणि मधेच दारापेक्षा जरा रुंद असा राखाडी चौकोन, मग काय, "काका, रंग संपला होता का?" रंग संपला! मला विचारतात! आयुष्यभर लोकांच्या भिंती रंगवल्या मी, शाळा रंगवल्या, दवाखाने रंगवले, एका बाईचं मत रोज बदलायचं म्हणून तिची एकच खोली निळी, हिरवी, गुलाबी आणि परत निळी रंगवली, पण रंग संपला म्हणून भिंत अर्धी सोडली असं माझ्या हातनं कधी झालं नाही… आणि आमची ही बघा, आतनं ओरडतेय, "सांगा ना हो त्यांना, तुम्ही छान सांगता!" छान सांगता! माझं जळतंय आणि हिला छान वाटतंय. बरं, सांगतो. पण मधे बोलायचं नाही आणि शेवटी हसायचं नाही. हसायचंच असेल तर फाटकाबाहेर जाऊन हसा, तिथं सगळेच हसतात.

तर तुम्हाला सांगतो, मुळात मला एक कळत नाही, उजेड मोजतात कशाला? दूध मोजतात, कापड मोजतात, जमीन मोजतात, समजू शकतो. उजेड? सकाळी डोळे उघडले, दिसलं, आहे उजेड. नाही दिसलं, नाही उजेड. आहे तर आहे, नाही तर नाही, मोजायचंय काय त्यात? हे मी तेव्हाही म्हणत होतो, आताही म्हणतो. माझं कोणी ऐकलं नाही. माझं या घरात कोणी कधीच ऐकत नाही, ते जाऊ दे.

अक्का. माझी थोरली बहीण. मला जन्म आईनं दिला हे खरं, पण पुढचा सगळा त्रास हिनं घेतला. नाक पुसणं, शाळेत ओढत नेणं, पळून आलो की परत ओढत नेणं, आणि शेवटी हात टेकून "जा बाबा, धर ब्रश" म्हणून सोडून देणं. मी शिकलो नाही यात तिचा काही दोष नाही, तिनं ओढण्यात कसूर केली नाही. तर तिचे यजमान गेले, घरात एकटी उरली, आणि लेक राहते सातासमुद्रापलीकडे. लेक म्हणाली, आई, आता इकडेच ये. कायमची, असं कोणी तोंडानं म्हणालं नाही. पण अक्कानं आपलं कपाट रिकामं करून आमच्याकडे पाठवलं, भांडी पाठवली, शिवणयंत्र पाठवलं, भिंतीवरचं घड्याळसुद्धा खिळ्यासकट पाठवलं. मी अडाणी आहे, आंधळा नाही. परत येणारा माणूस खिळा पाठवत नाही.

जायच्या आधी थोडे दिवस आमच्याकडे राहायला आली आणि पहिल्याच सकाळी म्हणाली, "धाकट्या, मला तुझ्याबरोबर एक फोटो पाहिजे."

एवढंच! बाई एवढंच म्हणाली! आता आजकाल फोटो म्हणजे काय, कोणीही उठतं, फोन काढतं, खट्, झालं. माझ्या लेकीनं काढलाही फोन. अक्का म्हणाली, "तो आत ठेव." कारण काय, तर तिचा फोन मागं कपडे भिजवलेल्या बादलीत पडला होता, आणि यजमानांचे शेवटचे सगळे फोटो त्यात होते. तिनं तो फोन दोरीवर वाळत घातला, रुमालात बांधून, कपड्यांच्या रांगेत. रोज जाऊन बघायची, उघडतोय का. नाही उघडला. नवीन घेतलाय तो फक्त बोलायला, फोटोसाठी समोर धरलात तर तोंड फिरवते. म्हणाली, "मला कागदावरचा पाहिजे. पाण्यात पडला तर वाळवता येईल असा."

आणि लगेच आमचे जावईबापू बोलले!

जावईबापू म्हणजे माणूस सोन्यासारखा, लेकीला काही कमी पडू देत नाही, फक्त एकच खोड. आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसतात आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात तो जुना, रीळ घालायचा कॅमेरा अडकवून गंजलेल्या वस्तूंचे फोटो काढत हिंडतात. गंजलेलं कुलूप, गंजलेला नळ, गंजलेली सायकल. पाहुण्यांकडे गेले की आधी गंज बघतात. तर ते एकदम उठून उभेच राहिले, "आत्याबाई, मी काढतो! फिल्मवर काढतो! निगेटिव्ह राहील, शंभर वर्षं राहील!" अक्काचा चेहरा असा खुलला… आणि मग जावईबापूंनी कॅमेऱ्याच्या मागचा आकडा बघितला, घसा खाकरला आणि म्हणाले, "ॲक्चुअली… एकच फोटो शिल्लक आहे."

बाकीची सगळी रीळ नळावर गेली होती. नवीन रीळ लांबून मागवावी लागते, तिला यायला महिना, आणि अक्काचं विमान परवा. म्हणजे एक बहीण, एक भाऊ, एक फोटो. चुकला तर चुकला.

आणि इथंच घोडं अडलं, कारण त्या कॅमेऱ्याला स्वतःला उजेड कळत नाही. पूर्वी कळायचा म्हणे, आत एक मीटर होतं, पण त्याला लागणारा सेल आता कोणी बनवत नाही, त्यामुळे ते मेलं. म्हणजे उजेड बाहेरनं कोणीतरी मोजून त्याला सांगायचा, आंधळ्याला रस्ता सांगतात तसा. कॅमेऱ्याला एक भोक असतं, ते किती उघडायचं, किती वेळ उघडायचं, बस, एवढंच शास्त्र. उजेड कमी गेला, फोटो काळा. जास्त गेला, फोटो पांढरा. आणि त्यात आकडा मोठा लावला की भोक लहान होतं. हे असं उलटं का, ते मला विचारू नका, मी विचारलं होतं, त्याचं उत्तर जेवण होईपर्यंत चाललं होतं.

जावईबापूंनी आधी लपूनछपून फोन काढला. फोनमध्येच म्हणे उजेड मोजायची सोय असते. आकाशाकडे धरला, एक आकडा. मातीकडे धरला, दुसराच आकडा. मग माझ्याकडे धरला, थोडा वर, अजून थोडा वर, आणि म्हणतात, "बाबा, तुमच्या डोक्याचा आणि आकाशाचा आकडा जवळजवळ सारखाच येतोय." म्हटलं, जावई आहात म्हणून सोडतो. तेवढ्यात अक्कानं बघितलं. "ते काय आहे रे हातात? ठेव आत. नाहीतर मी आजच जाऊन विमानतळावर बसते!" फोन गेला खिशात. एक पद्धत संपली.

मग आला आमचा मेव्हणा. हिचा भाऊ. याला कोणी बोलावलं? कोणीच नाही! याला बोलवावं लागत नाही, घरात कुठं काही मोजायचंय म्हटलं की याला वास येतो. जन्मभर वजनमापं तपासायच्या खात्यात होता, दुकानादुकानात जाऊन काटे तपासायचा, आता निवृत्त झाला तरी घरात मीठ घेतानासुद्धा चिमटीकडे संशयानं बघतो. तर हा आला तो खिशातनं एक चपटी डबी काढतच. जुन्या बाजारात घेतलेलं उजेडाचं मीटर! त्यावर एक पांढरा गोल, अर्ध्या अंड्यासारखा, आणि आत एक काटा. काटा अडकतो. मग हा त्याला टिचकी मारतो. टिच्. टिच्. मग काटा हलतो आणि हा म्हणतो, "बघा भाऊजी! माप हे माप असतं!"

टिचकी मारून हललं ते माप कसलं? पण नाही. आला आणि तडक अक्काच्या हनुवटीखाली ते अंडं धरलं. अक्का म्हणाली, "मला ताप नाहीये."

मेव्हणा म्हणाला, "ताप नाही हो, उजेड. तुमच्यावर किती पडतो ते बघायचं. पडतो तो उजेड मोजायचा, बस."

झालं! जावईबापूंचा चेहरा असा झाला जसा याच्या डबीनं त्यांच्या वडिलांचा अपमान केला. "मामा, पडतो तो मोजून काय उपयोग? फिल्मवर जातो तो वस्तूवरून परत येणारा उजेड!" "पडल्याशिवाय परत येतो का?" "पण काळ्या कोटावरून कमी येतो, पांढऱ्या शर्टावरून जास्त येतो!" "म्हणूनच तर पडतो तो मोजायचा! कोट काळा असला तर त्याला काळाच येऊ दे!" "तुमचा काटा अडकतो, मामा!" "तुझा कॅमेरा मेलाय!"

पडतो आणि परत येतो, परत येतो आणि पडतो… उजेड आहे का पाहुणा, मला कळेना! मी म्हटलं, अरे बाबांनो, ऊन पडलंय, मी दिसतोय, अक्का दिसतेय, आहे उजेड तर आहे, नाही तर नाही, मोजायचंय काय त्यात? दोघांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी दवाखान्यात विडी पेटवली.

तेवढ्यात आमची ही बाहेर आली हात पुसत, आणि रिळीचा कागदी खोका उचलून म्हणाली, "अहो, यावर चित्रं काढलीयत की. इथं सूर्य, इथं अर्धा सूर्य, इथं ढग. आता बाहेर सूर्य आहे. सूर्याखाली जे आकडे लिहिलेत ते लावा." मग मेव्हणा म्हणाला, "ताई, ते नवशिक्यांसाठी असतं." जावईबापू म्हणाले, "आई, तो सूर्य कुठला, इथला थोडाच आहे!" आणि मीही म्हटलं, हो, मी का खोटं बोलू, मीही म्हटलं, तू आत जा, दूध उतू जाईल. ती आत गेली. त्यानंतर एक महिना मला ते दूध ऐकावं लागलं.

मग जावईबापूंनी ती राखाडी गोष्ट काढली. म्हणाले, "बाबा, ऐका. या मीटरला रंग कळत नाही. त्याला वाटतं, समोरचं सगळं जग राखाडी आहे. ना काळं, ना पांढरं, मधलं."

तुम्हाला सांगतो, अख्ख्या दिवसात मला पटलेलं हे पहिलं वाक्य. माझंही जगाबद्दल तेच मत आहे. म्हटलं, हे मीटर समजूतदार दिसतंय, पुढं बोला.

"मग आपण त्याला खरोखरच मधला राखाडी दाखवायचा. बरोब्बर मधला. तुमच्या दोघांच्या शेजारी, त्याच उन्हात. तो सांगेल तो आकडा खरा. पडतो-परत येतो, भांडणच नाही! त्याचा एक पुठ्ठा मिळतो बाजारात… तो माझ्याकडे नाहीये." असं म्हणून ते थांबले. आणि हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मग माझ्याकडनं भिंतीकडे. मग परत माझ्याकडे.

"बाबा, घरातले मोठे तुम्ही. तुम्हीच ठरवा, कुठली पद्धत."

हे "तुम्हीच ठरवा" मला आधी कधी कोणी म्हटलं होतं? लेकीचं लग्न ठरवताना? नाही. हे फाटक बसवताना? नाही. आत्ता म्हणतायत! पुढं सगळं माझ्या अंगावर शेकणार हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण काय आहे, बाकीच्या पद्धतीत मी नुसता खुर्चीवर बसून टिचकी ऐकणार होतो, या पद्धतीत माझ्या हाताला काम होतं. आणि बहीण परवा चाललीय म्हटल्यावर, हातात काहीतरी पाहिजे असतं हो माणसाला. मी म्हटलं, "राखाडी. काढा शिडी." मेव्हण्याचं नाक फुगलं, तेव्हा तडजोड झाली. पद्धत जावयाची, डबी मेव्हण्याची, तिच्यावरचं अंडं काढून ठेवायचं, म्हणजे ती परत येणारा उजेड मोजते म्हणे, आणि भिंत माझी. सगळ्यांचा मान राहिला. बिघडतं ते असंच बिघडतं, सगळ्यांचा मान ठेवला की.

काढले डबे. अर्धा काळा, अर्धा पांढरा, ढवळलं. तर काय झालं? मधलं? अहो, पाटीसारखा काळाकुट्ट! काळा रंग असाच असतो, निम्मा घाला नाहीतर पाव घाला, घर त्याचंच होतं. मग पांढरा ओतत गेलो. जावईबापू डोक्यावर उभे, "बाबा, बरोब्बर मधला हं, बरोब्बर मधला!" म्हटलं, मला शिकवू नका, रंग वाळला की गडद होतो, तेवढा मी आधीच फिका ठेवतोय. ते म्हणाले बरं आणि गेले आत कॅमेऱ्याची काच पुसायला.

आणि अक्का आली. खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली, लहानपणी मी ब्रश धरायला लागलो तेव्हा बसायची तशी. म्हणाली, "धाकट्या, तिकडं भिंती लाकडाच्या असतात म्हणे, वरून कागद चिकटवतात."

"मग रंगवत नाहीत?"

"नाही."

"मग करमतं कसं त्या लोकांना?"

"ते मलाही बघायचंय," ती म्हणाली, आणि मग नुसती भिंतीकडे बघत बसली. मीही बघितलं. ओली राखाडी भिंत, तिच्यासमोर ही बाई. असं काही बरं दिसेना मला. पावसाळी, उदास… माणूस कायमचा… म्हणजे लांब चाललाय, आणि त्याच्या पाठीमागे ही असली कळा? मी गुपचूप आणखी पांढरा ओतला. किती? मोजला नाही! मनाला बरं वाटेपर्यंत ओतला. पारव्याच्या पोटासारखा रंग आला, मऊ, बघितल्यावर बरं वाटेल असा. तोही भिंतीवर चढवला. ते माझं काम आहे, मला कळतं भिंत कशी दिसायला पाहिजे ते, यात कोणी काही बोलायचं कारण नाही.

मग वाळायची वाट. आणि ओल्या रंगाला बोट लावणारी माणसं असतात ना, ती मुळातच… जाऊ दे, मेव्हण्यानं लावलं. "वाळला का बघतो." अरे, वाळला नाहीये हे दिसतंय ना! चमकतोय ना! तरी लावलं, आणि वर बोट बघून म्हणतो, "नाही वाळला." ते बोट अजून आहे बघा भिंतीवर, उजव्या कोपऱ्यात. खात्यात असताना असंच प्रत्येक दुकानाच्या काट्यात बोट घालत असणार.

उतरत्या दुपारी वाळला. मी माझा पांढराशुभ्र शर्ट घालून आलो, कडक इस्त्रीचा, तर जावईबापू किंचाळले, "बाबा, पांढरा नको! शेजारी पांढरं असलं की मीटर फसतं!" शर्ट मी घातलाय, फसणार मीटर! काढा तो. मग त्यांचाच काळपट कोट मला चढवला, दंडात घट्ट, पोटावर बटण लागेना. भिंतीपुढं दोन खुर्च्या. मी बसलो. "बाबा, इकडे बघा. हलू नका. बोलू नका." बायको आतनं म्हणाली, "हा भाग मला रोज पाहिजे."

अक्का सगळ्यात शेवटी आली. खोलीत काय करत होती देव जाणे, दार लावून बसली होती. आली, शेजारी बसली, मी मान वळवणार तोच "बाबा, हलू नका!" म्हणून मी समोरच बघत राहिलो. मेव्हणा भिंतीजवळ गेला, डबी धरली, टिच्. टिच्. डोळे मिटून काहीतरी हिशोब केल्यासारखं केलं आणि आकडा ओरडला. जावईबापूंनी तो ऐकला, कॅमेऱ्यावरचं कडं फिरवलं, थांबले, माझ्या तोंडाकडे बघितलं, परत जरा फिरवलं.

आणि तेवढ्यात माझ्या खांद्यावर अक्काचा हात आला. आता तुम्हाला सांगतो, माझ्या खांद्यावर तिनं हात ठेवला होता तो मी शाळेतनं पळालो तेव्हा, आणि तोही ठेवला नव्हता, धरला होता. त्यानंतर आत्ता. मला वाटलं बोलावं काहीतरी. पण बोलायचं नव्हतं, हलायचं नव्हतं. खट्.

झालं. एकच. संपली रीळ.

ठरलेल्या दिवशी ती गेली. विमानतळावर मला म्हणाली, "फोटो पाठव हं, लगेच." मी म्हटलं, हो. बाकीचं बोलायचं ते त्या फोटोत आलंच असेल म्हटलं सगळं.

मग मी आणि जावईबापू गेलो फोटो धुणाऱ्याकडे. रीळ देऊन आलो होतो, आणायला गेलो. त्यानं आम्हाला बघितलं आणि डॉक्टर करतो ना तसा चष्मा काढला. म्हणाला, "घरातलं मोठं कोण? तुम्ही? बसा." मी बसलो. "कुलपं चांगली आलीयत," म्हणाला, "नळ फार सुंदर आलाय. शेवटचा जो आहे…" आणि निगेटिव्ह उजेडाकडे धरली. खिडकीच्या काचेसारखी स्वच्छ! आरपार! पलीकडचं त्याचं कॅलेंडर वाचता येत होतं! निगेटिव्हचं सगळं उलटं असतं, ती स्वच्छ म्हणजे फोटो काळा. म्हणाला, "उजेड फार कमी गेला हो आत. काढलाय कुठं, तळघरात?"

तळघरात! भर उन्हात काढलाय! जावईबापूंचा रंग उतरला, कुठला उतरला विचाराल तर मधला राखाडी, बरोब्बर मधला, त्या दिवशी मला नमुना मिळाला. तरी त्या माणसानं जेवढं निघेल तेवढं काढून कागदावर दोन प्रती करून दिल्या. त्यात काय होतं ते सांगतो, पण आधी घरी काय झालं ते ऐका, नाहीतर तुम्हाला वाटेल चूक माझी.

घरी पंचायत बसली. आधी सगळ्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. अर्थातच! "बाबा, ही भिंत मधली नाहीये हो, ही फिकी आहे. मीटरला वाटलं उजेडच भरपूर आहे." मी म्हटलं, भिंत जशी असायला पाहिजे तशी आहे. मग माझ्या लेकीनं, ती एकटीच डोकं घेऊन जन्माला आलीय, विचारलं, "मामा, तुम्ही काट्यावर होता तोच आकडा सांगितलात ना?" मेव्हणा खिडकीकडे बघायला लागला. "म्हणजे… माझं मीटर जुनं आहे. ते कमी सांगतं हे मला माहीत आहे. म्हणून मी एक आकडा वाढवून सांगितला. न्यायानं." न्यायानं! आणि आकडा वाढवला की भोक काय होतं? लहान! मग तिनं नवऱ्याकडे बघितलं. "आणि तू?" जावईबापू म्हणाले, "ॲक्चुअली… बाबांचा रंग सावळा आहे. सावळ्याला सावळंच ठेवायचं असतं, नाहीतर तो उगाच गोरा येतो. म्हणून मी एक घर पुढं नेलं कडं." "म्हणजे भोक आणखी लहान केलंस?" "हो." "मामांना विचारलंस?" "नाही." "मामा, तुम्ही बाबांना विचारलंत?" "कशाला विचारू?"

म्हणजे बघा, प्रत्येकाला दुसऱ्याच्या मापावर भरवसा नाही, म्हणून प्रत्येकानं गुपचूप सुधारणा केली, आणि सगळ्या सुधारणा एकाच बाजूला! एकजण जरी उलटा चुकला असता तरी मी वाचलो असतो! पण या घरात भांडायला चार दिशा आणि चुकायला एक. म्हणून म्हणतो, उजेड आहे तर आहे, नाही तर नाही… भर उन्हात आमच्याकडे नव्हता, काय करणार!

जावईबापूंनी माफी मागितली, माझे पाय धरायला वाकले, मी म्हटलं राहू दे, नळ चांगला आलाय. मेव्हण्यानंही मागितली, त्याच्या पद्धतीनं, म्हणजे "भाऊजी, तुमचाही थोडा दोष होता" असं म्हणाला, त्याच्याकडनं तेवढीच येते. हिची मी मागितली, दुधाची. सगळं मिटलं.

आता तो फोटो. अक्काला पाठवायला माझी छाती होईना. एकदाच होती हो ती वेळ, परत कुठली? पण तिचे रोज फोन, "आला का, आला का." शेवटी पाठवला एक, डोळे मिटून. पोचल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात जाऊन उभा राहिलो, म्हटलं, आता ही रडणार, आणि मला ते घरात सगळ्यांसमोर नको.

"धाकट्या!" ती म्हणाली. "काय सुरेख आलाय रे!"

मी फोन कानापासून लांब धरून बघितला, तीच आहे का.

"अगं, सुरेख काय? सगळा काळा आलाय."

"असू दे की काळा. मी कशी आलेय बघ! चंद्रासारखी! इथल्या सगळ्या शेजारणींना दाखवला."

आणि खोटं नाही हो. थांबा, दाखवतो… हे बघा. सगळा अंधार, आणि त्यात अक्का. चेहरा कसा लख्ख, कपाळ, गाल, हसू, सगळं. आणि तिचा हा हात, तोही लख्ख, अंधारावर ठेवलेला. तो अंधार म्हणजे मी. नीट बघा, तिरका धरा, चष्म्याची कड दिसेल. नाही दिसत? कोणालाच नाही दिसत. काळा कोट, सावळा माणूस, एक घर पुढं.

मी म्हटलं, "अक्का, भोक एकच, उजेड एकच, मग तू कशी आलीस आणि मी कसा नाही आलो?"

ती हळूच म्हणाली, "अरे, दिवसभर ऐकत होते ना मी त्या दोघांचं. मला वाटलं, यांच्या भांडणात माझं तोंड काळं येणार. म्हणून आपली पावडर लावली."

"किती?"

"डबा संपवला. तोंडाला, मानेला, हातांना. पोरी लग्नात लावत नाहीत एवढी."

म्हणजे दार लावून हे चाललं होतं! आणि मी शेजारी बसलोय, समोर बघतोय, हलत नाहीये! मी म्हटलं, "मग मला नाही सांगायचंस? एक बोट माझ्या नाकाला लावलं असतंस तर निदान नाक तरी आलं असतं!"

"तू लावून घेतली असतीस?"

आता… नसती घेतली. ते खरं आहे. पण विचारायचं तर खरं! लहानपणी नाक न विचारता पुसायची, आणि ऐन वेळेला विचारायचं सुचलं नाही? हे मी तिला बोललो. तर ती हसायला लागली, इतकी की मागनं तिची लेक घाबरून "आई, काय झालं?" विचारते. म्हणाली, "अरे, तू आहेस की फोटोत. मला माहितेय ना कुठं हात ठेवलाय ते."

मी ठेवला फोन.

आता तिनं तो पलंगाशेजारी लावलाय. रोज पुसते. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, हा माझा भाऊ, आणि ते बिचारे अंधाराला मान डोलावतात. मी सगळ्यांना सोडलं हो, जावयाला सोडलं, मेव्हण्याला सोडलं, त्याच्या त्या टिचकीलासुद्धा सोडलं. माफी यायची राहिलीय ती एकीकडनंच, आणि ती काही येत नाही, मी ओळखतो ना तिला, जन्मापासून ओळखतो… अक्काकडनं.